प्राचार्य महोदय, रात्रीची सूचना सकाळी द्या

प्रति,
नागपूर शहरातील महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य

महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

नवं सत्र सुरू झालं की 'मोबाइलचे दुष्परिणाम' या विषयावर एक कार्यक्रम ठरलेला असतो. पाहुण्यांचं रोपटं देऊन स्वागत, मागे बॅनर, पुढे सक्तीने आणून बसवलेली प्रथम वर्षाची मुलं. तुमची पिढी या डबड्यापायी कशी वाया चालली आहे, हे वक्ते तासभर सांगतात. मग एक प्राध्यापक नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी जिओटॅग फोटो काढून घेतात आणि माइकवरून घोषणा होते, "फीडबॅकची लिंक ग्रुपवर टाकली आहे. इथेच बसून भरा, नाहीतर प्रमाणपत्र मिळणार नाही." सभागृहातल्या सगळ्या माना एकदम खाली जातात. हसू येतं, पण हसून सोडून देण्यासारखं हे नाही.

मी नागपुरातल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. घराच्या वरच्या मजल्यावर गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून शिकायला आलेल्या मुली भाड्याने राहतात. कॉलेजात दिवसा जे दिसायचं नाही ते आता रात्री जिन्यात दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे : मुलांनी फोन खाली ठेवावा असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर आधी कॉलेजने त्यांना तो खाली ठेवू द्यावा.

रात्री साडेदहा-अकराला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडतो. 'उद्या सकाळी ९ वाजता बी बॅचचं प्रॅक्टिकल, जर्नल सर्टिफाय करून आणणे.' किंवा 'परीक्षा फॉर्ममध्ये त्रुटी असलेल्यांची यादी सोबत जोडली आहे, उद्या १२ पर्यंत दुरुस्ती करणे.' किंवा महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीची आठवण, तीही मुदत संपता संपता. नोटीस बोर्डावर यातलं काही नसतं. तिथे मागच्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेचा कागद पिवळा पडलेला असतो.

वरच्या एकीला मी म्हटलं, "बाई गं, दहा वाजता फोन बंद करून झोपत जा." ती म्हणाली, "काकू, एकदा केलं होतं ना जी तसं. सकाळी उठून पाहतो त बॅचच बदलून गेली होती. माझं प्रॅक्टिकल हुकलं. सर म्हणे, ग्रुपवर टाकलं होतं, पाहून नाही राहिली का तू?" तेव्हापासून तिचा फोन उशीखाली असतो, आवाज चालू ठेवून. तिला मी कोणत्या तोंडाने उपदेश करू?

पुढे काय होतं तेही पाहा. सूचना वाचायला अर्धं मिनिट लागतं. वाचून झाली की त्याच पडद्यावर वर्गातल्या कुणाचं तरी स्टेटस असतं, शेजारी इन्स्टाग्रामचा लाल ठिपका असतो. ठिपका दाबला की रील सुरू. वर्तमानपत्राचं पान संपतं, पुस्तकातलं प्रकरण संपतं, रील संपत नाही. खाली सरकवत राहिलं तरी तळ न लागणारी ही रचना २००६ मध्ये अ‍ॅझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने केली आणि पुढे त्याबद्दल त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुढची रील भन्नाट निघेल की भिकार, हे आधी कळत नाही आणि म्हणूनच अंगठा थांबत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी तीच कळ अधिक चिकाटीने दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत गेल्या शतकातच दाखवलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांची हुशार माणसं दिवसरात्र खपून ज्या गोष्टीला धार लावतात, तिच्यापुढे एकोणीस वर्षांच्या, दिवसभर दमलेल्या पोरीने रात्री अकरा वाजता संयम दाखवावा अशी आपली अपेक्षा. आणि तिला त्या पडद्यासमोर नेऊन बसवते ती आपली सूचना.

दीड वाजता वरचा दिवा बंद होतो, निळा उजेड त्यानंतरही असतो. सकाळी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या मेट्रोत बसून पाहा. कॉलेजला निघालेली कितीतरी मुलं दांड्याला डोकं टेकून झोपलेली असतात. पहिल्या तासाला त्यांचं लक्ष नसतं, ही तुमच्या प्राध्यापकांची तक्रार खरी आहे. फक्त त्यातला काही वाटा आदल्या रात्रीच्या मेसेजचा आहे.

मेसेज टाकणाऱ्या प्राध्यापकावर माझा राग नाही. बहुतेक वेळा तो तासिका तत्त्वावरचा असतो. विद्यापीठाच्या पोर्टलवर काहीतरी सायंकाळी येतं, कार्यालय ते आठ वाजता विभागप्रमुखाला पाठवतं, विभागप्रमुख जेवण झाल्यावर पुढे ढकलतो, आणि आपलं लेकरू झोपलं की हा बिचारा प्राध्यापक ते वर्गाला पाठवतो. कुणालाच थांबवता येत नाही, कारण न पाठवल्याचा ठपका आपल्यावर येईल ही प्रत्येकाला धास्ती. हे वरूनच थांबेल, म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे.

आता संशोधनाचं. सभागृहातले वक्ते बोलतात तितकं ते ठाम नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे 'मोबाइल आला आणि पिढी बुडाली' हे विधान टिकत नाही. पण सरासरीच्या आत बरंच काही दडतं. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटांपुरतं ठेवलं. बाकीच्यांनी नेहमीसारखं वापरलं. वेळ कमी केलेल्यांचा एकटेपणा आणि उदासी घटली. लक्षात घ्या, बंद केलं नव्हतं, आवरलं होतं.

मला जास्त पटलं ते २०२२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या संशोधनपत्रिकेत आलेलं काम. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग एकेका कॉलेजात पोहोचत गेलं. आधी कुठे गेलं, नंतर कुठे गेलं, याची तुलना अर्थशास्त्रज्ञांना आयती करता आली. फेसबुक आलं तिथे विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य खालावलं, आणि त्यामागे स्वतःची दुसऱ्यांशी तुलना हे कारण ठळक दिसलं. तेव्हा तर रीलही नव्हती, हातात स्मार्टफोनही नव्हता.

ती तुलना काय असते ते आपल्या शहरात रोज बघायला मिळतं. आमगावहून आलेली मुलगी नंदनवन वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत कूलरच्या घरघरीत बसलेली असते. तिच्या पडद्यावर तिच्याच वर्गातली धरमपेठेतली मुलगी एखाद्या कॅफेत बसून फेसाळ कॉफीचा फोटो टाकते. दोघी सकाळी एकाच बाकावर असतात. पूर्वी गरिबी-श्रीमंतीचं अंतर कॉलेजच्या गेटबाहेर थोडं तरी विसरता यायचं. आता ते रात्री अंथरुणापर्यंत येतं, तेही सजवून.

आणखी एक विनंती. मुलांना भर सभेत 'व्यसनी' म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, 'मोबाइलचं व्यसन' या नावाचा आजार नाही. काहींचा वापर खरोखर हाताबाहेर जातो आणि त्यांना उपचार लागतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत त्यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पण तीनशे पोरांना एकच शिक्का मारला की ज्याला खरी गरज आहे तोही हसून मागे बसतो.

खानावळीतलं सांगते. आमच्या गल्लीतल्या मेसमध्ये संध्याकाळी मुलांची रांग जेवायला बसते. प्रत्येकाच्या ताटासमोर स्टीलच्या ग्लासाला टेकवून उभा केलेला फोन. घसरून वरणात पडू नये म्हणून मध्ये लोणच्याची वाटी. एक हात पोळीवर, दुसऱ्या हाताची करंगळी पडद्यावर, कारण बाकीची बोटं उष्टी. मेसवाले काका मला म्हणाले, "पहिले पोट्टे भाजीवरून भांडत होते मॅडम. आता भाजी कायची होती हेच त्यायले मालूम नसते." काकांना त्या भांडणाचीच आठवण येते, हे विशेष. पण त्याच रांगेत एकाच्या फोनवर रील नव्हती. सिरोंच्याकडची त्याची आई होती, तीही तिकडे जेवत होती. मायलेकरं काही बोलतसुद्धा नव्हती. कुणाचा फोन कशासाठी उभा आहे हे लांबून कळत नाही, म्हणून सरसकट जप्तीची, दंडाची भाषा मला पटत नाही. एमपीएससीची शिकवणी परवडत नाही म्हणून यूट्यूबवर अभ्यास करणाऱ्या मुलांचं काय करणार?

बरं, फोन ठेवला, तर पोरांनी जायचं कुठे? हा प्रश्न आपण विचारतच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सायंकाळी सहापर्यंत रस्त्यावर पाय ठेववत नाही. कॉलेजचं गेट पाचला बंद. ग्रंथालय त्याच्याही आधी, कारण परिचराची ड्युटी संपते. मैदान असलं तर त्यावर लग्नाचा मांडव. कॅफेत बसायचं तर खिसा लागतो. फुटाळा तलावावर मुलं जातात, मुली एकट्या गेल्या तर टोळकी असतात आणि रूमवर परतायची वेळ ठरलेली असते. अभ्यासिका आहेत, पण तिथे बोलायची बंदी. चार जणांनी फुकट, सुरक्षित, सावलीत बसून नुसत्या गप्पा मारायच्या म्हटल्या तर एवढ्या मोठ्या शहरात कॉलेजच्या पोरांना जागा नाही. मग ती आपापल्या खोलीत आपापल्या फोनवर बसतात आणि आपण म्हणतो, ही पिढी माणूसघाणी झाली.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तशीच तिची तऱ्हा आहे. एखाद्या मुलीच्या फोटोत कुणी फेरफार करतो, चॅटचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवतो, 'तुझ्या गावी पाठवतो' म्हणून धमकावतो. ती घरी सांगत नाही. का, तर घरचे पहिल्यांदा फोन काढून घेतील आणि मग विचारतील, कशाला पाहिजे ते नागपूर? शिक्षण सुटायच्या भीतीने ती सहन करते, जेवण टाकते, वर्गात यायचं बंद करते. हजेरीपटावर ती फक्त 'अनियमित' दिसते. अशा मुलीला मोबाइलच्या दुष्परिणामांचं व्याख्यान ऐकवलं की दोष आपलाच, हे तिच्या मनात पक्कं होतं. तुमच्याकडे अंतर्गत तक्रार समिती आहे. तिच्या फलकावर सदस्यांची नावं असतात, पण 'तुझ्या घरी न कळवता आधी ऐकून घेऊ' हे एक वाक्य नसतं. ते लिहा. मुली त्या एका वाक्याची वाट पाहत आहेत, हे मी जबाबदारीने सांगते.

मुलांचं दुखणं पैशाचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, ते चांगलंच झालं, पण आधीची उसनवारी आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचे फोन बंदीमुळे थांबलेले नाहीत. ऑनलाइन फसवणूक झाली की १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करायची, एवढं तरी प्रत्येक वर्गात सांगून ठेवा.

समुपदेशकाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था करावी, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. कायदा होईपर्यंत त्या सूचना बंधनकारक आहेत. प्रत्यक्षात काय होतं? मानसशास्त्राच्या किंवा गृहअर्थशास्त्राच्या मॅडमकडे 'अतिरिक्त प्रभार' दिला जातो. त्यांच्याकडे आधीच एनएसएस असतं, परीक्षा असते, प्रवेश समिती असते. एका खोलीला 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागते आणि आत जुने संगणक ठेवतात. शिवाय ज्या मॅडम इंटर्नलचे गुण देणार, त्यांच्यापुढे पोरगी मन कसं मोकळं करेल? ही साधी गोष्ट आहे, पण ती फायलीत बसत नाही.

एकट्या कॉलेजला पूर्णवेळ समुपदेशक परवडत नाही, हे मला कळतं. मग जवळजवळच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक नेमा, त्याचे वार वाटून घ्या. दुसऱ्या कॉलेजची ताई आपल्या गुणांशी संबंधित नाही म्हटल्यावर मुलं उलट जास्त बोलतील. शहरात समाजकार्य शिकवणारी महाविद्यालयं आहेत, त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी जागा शोधत असतात. ज्यांना डॉक्टरच हवा त्यांच्यासाठी मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, तिथे पाठवायची चिठ्ठी कुणी द्यायची हे ठरवून ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. तो वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरात लावायचा असं न्यायालयानेच सांगितलं आहे. माझ्या घरच्या मुलींपैकी एकीलाही तो माहीत नव्हता. आता जिन्याच्या भिंतीवर मी लिहून ठेवला आहे.

मागणी तशी लहान आहे. महाविद्यालय विकास समितीच्या येत्या बैठकीत ठराव करा की सायंकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कॉलेजची सूचना जाणार नाही, आणि जी सूचना फलकावर व संकेतस्थळावर लागली नाही ती बंधनकारक मानली जाणार नाही. वेळापत्रकातला बदल पूर्ण एक कामाचा दिवस आधी कळवायचा. विद्यापीठाकडूनच उशिरा आलं तर विद्यार्थ्याला दंड नाही. समितीवर विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असतात, त्यांना मधल्या तासाची सूट घेऊन सही करायला न बोलावता बोलायला बोलवा. फोनशिवायचा एखादा तास, एखादी जागा हवी का, ती कुठली, हे त्यांना ठरवू द्या. मुलांनी स्वतः केलेला नियम मुलं पाळतात, आणि मोडला तर आपसांत भांडून पुन्हा लावतात. ठराव शिक्षकांनाही लागू करा. रात्री अकराला विभागप्रमुखाचा मेसेज आलेला प्राध्यापक सकाळी वर्गात कुणाला काय शिकवणार?

आणि जागा द्या. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. मोठ्या दालनाच्या बाजूला एक खोली बोलायची म्हणून मोकळी सोडा, चार टेबलं, पंखे, पिण्याचं पाणी, एक कॅरम असला तरी पुष्कळ. 'मनुष्यबळ नाही' हे उत्तर मला तोंडपाठ आहे, नोकरीत असताना ते मीच टाइप करून द्यायचे. म्हणून आधीच सांगते : या शहरात माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल, मुख्याध्यापक, शिक्षक गल्लोगल्ली आहेत आणि संध्याकाळी सहानंतर त्यांनाही फोनखेरीज सोबत नाही. पाच ते आठ बसायला आम्ही येऊ, मानधन नको. किल्ली कुणाकडे राहील, रजिस्टरवर सही कुणाची, काही फुटलं तर भरपाई कुणी करायची, हे तुमच्या कार्यालयाने कागदावर लिहून द्यावं. ज्या कॉलेजला पटेल त्याच्या ग्रंथालयात सोमवार ते शुक्रवार मी स्वतः बसायला तयार आहे. दक्षिण किंवा पूर्व नागपुरातलं असेल तर बरं, रात्री एकटीने परतायचं असतं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
नागपूर